तळाशी लिहिलेलं नाव

मी एक जुनी हातचक्की आहे, कॉफी दळायची. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकोनी पेटी, वर पितळेची वाटी, वाटीच्या पोटात लोखंडी दाते, फिरवायला दांडा आणि पूड पडायला खाली एक छोटासा खण. एवढाच माझा पसारा. सध्या मी एका खिडकीत कुशीवर पडून आहे, तोंड घराकडे आणि तळ काचेकडे. म्हणजे स्पष्टच सांगायचं तर मी सगळ्या रस्त्याला बूड दाखवते आहे. हे आसन मी हौसेनं घेतलेलं नाही. ते मला कुणी घ्यायला लावलं आणि का, हे सांगण्यासाठीच हा खटाटोप.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की दुसऱ्याच वाक्याला त्यांचा गळा दाटून येतो. माझा येणार नाही. मी शंभरीला टेकले आहे, दोन देशांतली स्वयंपाकघरं पाहिली आहेत, आणि माणसांविषयी माझं मत काही फारसं बरं नाही. मी नोंद ठेवते. कोण काय बोललं, किती वेळा बोललं आणि बोलताना त्याचे हात काय करत होते. माझे दाते बोथट झाले, स्मरण नाही.

माझा जन्म नेदरलँड्समधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या साठ जणी जन्मल्या आणि साठही जणी स्वतःला खास समजत होत्या. आर्नहेम शहरातल्या व्हिसर नावाच्या कुटुंबानं मला विकत घेतलं. व्हिसरबाई रोज सकाळी मला दोन मांड्यांमध्ये धरायच्या आणि दांडा फिरवायच्या. शेजारच्या घरात ग्रीत नावाची बाई राहायची. तिची स्वतःची चक्की मोडली होती आणि नवी आणायचा विचार ती सहा वर्षं करत होती. त्यामुळे दर शनिवारी ती मला उसनी न्यायची. रविवारी परत आणायची, तीही पुसून. एकदा दाते लावून घ्यायला मला धारवाल्याकडे पाठवलं, तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून त्यानं माझ्या तळावर जाड पेन्सिलीनं लिहिलं, ‘व्हिसर, १७’. सतरा हा घराचा नंबर. तुमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच समजा.

मग युद्ध आलं. ते आधीच आलं होतं, पण चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात ते थेट गल्लीत उतरलं. आकाशातून ब्रिटिश सैनिक आले, नदीवरच्या पुलासाठी लढले आणि हरले. त्यानंतर जर्मनांनी हुकूम काढला की अख्ख्या शहरानं घरं सोडून निघून जायचं. व्हिसरबाईंनी बाबागाडीत चार वर्षांच्या हेनीला आणि तिच्या भोवती पांघरुणं, भांडी, बटाटे असं कोंबलं. माझ्यासाठी जागा उरली नाही. मग त्यांनी मला तळघरात जिन्याखाली, कोळशामागच्या दोन विटा काढून, त्या पोकळीत ठेवलं आणि विटा पुन्हा लावल्या. ही जागा त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली, ग्रीतला. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सात महिने मी अंधारात होते. वर काय चाललंय ते ऐकू यायचं. रिकाम्या घरांतून शिवणयंत्रं गेली, गाद्या गेल्या, पडदे गेले, दारांच्या मुठीसुद्धा गेल्या. गाड्या भरभरून माल जर्मनीला चालला होता. मी कोळशामागे होते म्हणून वाचले.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये शहर जर्मनांच्या तावडीतून सुटलं. आता ‘शहर सुटलं’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. रणगाडे, त्यांवर चढलेल्या मुली, फुलं, गालांवर मुके. इतर गावांत तसं झालंही असेल. आर्नहेममध्ये फूल द्यायला माणूसच नव्हता. सगळं शहर सात महिन्यांपूर्वी बाहेर काढलेलं. मोडक्या घरांतून वारा आणि एखादं मांजर, एवढेच स्वागताला.

त्या दिवशी तळघराच्या जिन्यावरून बूट वाजले. ते होते ब्रिटिश सैनिक वॉल्टर बूथरॉइडचे, वय वर्षं एकोणीस, मुक्काम इंग्लंडमधलं लीड्स. आत कुणी लपलंय का ते पाहायला आला होता. त्याचा पाय कोळशाच्या ढिगावर घसरला, टाच विटांना लागली आणि मी उघडी पडले. त्यानं माझा खण उघडला. आत युद्धात कॉफीऐवजी दळलेल्या चिकोरीची अर्धी मूठ पूड होती, ती हुंगली. मग त्यानं मागे वळून जिन्याकडे पाहिलं. मित्रांनो, रिकाम्या शहरातल्या रिकाम्या घराच्या तळघरात एखादा माणूस मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला आपण काय करतोय ते नीट कळलेलं असतं. त्यानं मला पाठीवरच्या पिशवीत टाकलं. तो मनाशी म्हणाला असेल की मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. जगातली प्रत्येक चोरी हेच म्हणते. त्याचे दोन सोबती आठवड्याभरात मेले होते, हे मला माहीत आहे. मेलेल्यांना कॉफी लागत नाही, हेही मला माहीत आहे.

लीड्सला आल्यावर त्यानं मला डोरीन नावाच्या मुलीला भेट दिलं. दुकानातून आणली म्हणाला. डोरीननं मला उलटं केलं, तळ वाचला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला पुन्हा सुलटं ठेवलं. लग्न झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल? माझ्या तळाला हिरवी बनात चिकटवली. कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून, असं ती सांगायची. आणि सगळ्यांत वर कळस म्हणजे ती दोघंही चहा पिणारी. ज्या चक्कीसाठी हात घाण केले तिच्यात सत्तर वर्षांत कॉफीचा एक दाणा पडला नाही. माझ्या खणात बटणं ठेवली.

त्या कपाटावरून मी वॉल्टरची फुलांची गोष्ट ऐकली. पहिल्यांदा ती त्यानं आपल्या आईला सांगितली. बिचारीला काहीतरी छान ऐकायचं होतं, म्हणून त्यानं एक मुलगी उभी केली, तिच्या केसांत नारिंगी रिबीन बांधली आणि हातात एक फूल दिलं. तोवर ठीक होतं. पण गोष्टीलाही खतपाणी मिळालं की ती वाढते. साठच्या दशकात त्या मुलीच्या हातात गुच्छ आला. ऐंशीच्या दशकात तिची आई रडू लागली. नव्वदनंतर शाळांमधून बोलावणी येऊ लागली, तेव्हा मुलीनं त्याच्या गालाचा मुका घेतला आणि मागे चर्चच्या घंटाही वाजल्या. त्या चर्चचा मनोराच तेव्हा पडलेला होता, पण तिकडे कोण बघतो? माझ्या समोर ही गोष्ट दोनशे अकरा वेळा सांगितली गेली. प्रत्येक वेळी ‘फूल’ म्हणताना त्याचा उजवा हात खिशात जायचा.

मग सुरू झाल्या वाऱ्या. माजी सैनिकांना लढाईच्या जागा दाखवायला नेणारी एक छोटी संस्था दर वर्षी त्याला इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदरावरून बोटीनं पलीकडे घेऊन जायची. ब्लेझर, मेडल्स, चाकाची खुर्ची, सगळा थाट. यातही गंमत बघा. सप्टेंबरातली पुलाची लढाई हे लोक हरले, तिचा सोहळा जंगी. एप्रिलमध्ये शहर सुटलं, त्याचा कार्यक्रम एका सभागृहात, सूप आणि पावावर. माणसांना जिंकण्यापेक्षा शोभून हरणं जास्त आवडतं असं दिसतं.

डोरीन गेल्यावर शेजारची नीना त्याच्याकडे लक्ष द्यायला लागली. नीना मूळची सांगलीची. तीस वर्षं लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात फार्मसीत होती, आता निवृत्त. ती त्याला स्टीलच्या डब्यातून वरणभात, बटाट्याची भाजी पाठवायची. पहिल्यांदा त्यानं डबा धुऊन, चकचकीत करून, रिकामा परत दिला. नीनानं त्याला स्वच्छ सांगितलं, आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, दोन दाणे साखरेचे का होईना, आत काहीतरी टाकायचं. त्या दिवसापासून डब्यात त्याच्या परसातल्या रुबार्बच्या लाल दांड्या येऊ लागल्या. नीना त्यांचं गूळ घालून आंबटगोड लोणचं करायची. एका हिवाळ्यात रुबार्ब नव्हतं, बिस्किटंही संपली होती. त्यानं रिकामा डबा माझ्या शेजारी ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि डब्याबरोबर मलाच देऊन टाकलं.

नीनानं माझ्यात धणे-जिरे दळले. कॉफीच्या चक्कीत धणे! पहिल्या दिवशी मला अपमान वाटला. पण मित्रांनो, सत्तर वर्षांनी दाते फिरले होते. ‘काय सुरेख पूड पडते गं,’ असं ती फोनवर बहिणीला सांगत होती. माझ्या आयुष्यातली ही एकमेव खरी स्तुती, आणि तीही परक्या भाषेत. बाकी नीनाबद्दल मला फारसं वाईट बोलता येत नाही, याचा मला थोडा रागच आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या तळाच्या बनातीत मसाल्याच्या तेलानं किडे झाले. नीनानं सुरीनं ती खरवडून काढली आणि खाली पेन्सिल दिसली. आता सांगलीच्या बाईला भांड्याखाली नाव दिसलं की ती ते वाचल्याशिवाय राहते का? लग्नकार्यात जमलेल्या शंभर पातेल्यांतून आपलं पातेलं ओळखण्यात जिचं बालपण गेलं तिला हे सांगावं लागत नाही. तिनं चष्मा लावला, वाचलं, मला पिशवीत घातलं आणि तशीच शेजारी गेली.

तिनं वॉल्टरला विचारलं, हे भांडं कुणाचं? तो म्हणाला, तिकडेच घेतलं होतं, दुकानातून. नीनानं विचारलं की सगळं शहर रिकामं होतं ना, मग दुकान कोण चालवत होतं? लढाईची पुस्तकं तिनं त्याच्याच कपाटातली वाचली होती. वॉल्टरनं गॅस बंद केला. मग त्यानं सगळं सांगितलं. कोळसा, विटा, चिकोरी. फुलांची मुलगी नव्हती हेही सांगितलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्याचा उजवा हात खिशाबाहेर होता.

नीना म्हणाली, “माझा डबा तुम्ही एकदा तरी ठेवून घेतलात का, वॉल्टर? मग त्या बाईचं भांडं कसं ठेवलंत?”

“ती मेली असेल गं आता.”

“ती मेली असेल. घर आहे ना?”

तेव्हा तो जे म्हणाला ते मी शब्दशः सांगते, तिकडच्या लाडाच्या ‘लव्ह’सकट. “नीना, लव्ह, मी अठ्ठ्याण्णव वर्षांचा आहे. मला दुसरं काही नको. मला ती फुलं राहू दे.”

नीनानं वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली की दुसऱ्याच्या नावाचं भांडं आता मला घरात ठेवता येणार नाही. एप्रिलमध्ये मी तुमच्याबरोबर येणार आणि ते देणार. तोंड उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पुढचे तीन महिने तिनं मला ओट्यावरून काढून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं होतं, पाहुणीसारखं. धणे मिक्सरमध्ये वाटले.

तिनं पलीकडच्या आयोजकांना पत्र लिहून विचारलं की सतरा नंबरच्या व्हिसर घराण्यातलं कुणी उरलंय का. उत्तर आलं, हेनी व्हिसर आहे, पंच्याऐंशी वर्षांची, ती तर दर वर्षी आमच्या कार्यक्रमाला असते. म्हणजे वॉल्टर इतकी वर्षं जिचं घर लुटलं तिच्याच समोर बसून सूप पीत होता. दोघं एकमेकांना मान हलवून नमस्कारही करत असतील.

एक अडचण होती, तिचं नाव मीनल. नीनाची ही मुलगी लीड्समध्येच जन्मली, माजी सैनिकांना नेणाऱ्या त्याच संस्थेत नोकरीला होती आणि शहर सुटल्याच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त वॉल्टरवर एक छोटी फिल्म करत होती. फिल्मचं नाव, पोस्टर, सगळं फुलांवर. नीनानं तिला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती लॅपटॉप मिटून बसली.

“मम्मा, तो स्टोरी लोकांना आवडतो. फ्लॉवर्स काढलं तर राहतं काय?”

“खरं राहतं.”

“खरं कोणी शेअर नाही करत.”

मुलगी मूर्ख नाही. तिचं मराठी लंगडं आहे, पण माणसांची तिची पारख माझ्याइतकीच आहे. आणि नेमकं तेच मला आवडलं नाही.

तर गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी ऐंशी वर्षांनी समुद्र ओलांडला. जाताना सैनिकाच्या पिशवीतून गेले होते, येताना एका सुपरमार्केटच्या कापडी पिशवीतून आले, टॉवेलात गुंडाळलेली. निघायच्या आधी नीनानं माझा खण ब्रशनं साफ केला आणि काठोकाठ साखर भरली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी पाहिलंही नाही.

सभागृहात नव्वदेक माणसं होती. पुष्पचक्र झालं, बिगुल झाला, सूप आलं. वॉल्टरची खुर्ची पुढे ढकलली. तो बोलायला लागला आणि पहिल्या दोन वाक्यांतच मला कळलं. नारिंगी रिबीन. गुच्छ. घंटा. दोनशे बारावी वेळ. मीनलचा कॅमेरा चालू होता.

पण माझी खरी तुच्छता मी त्याच्यासाठी राखून ठेवलेली नाही, ती श्रोत्यांसाठी आहे. त्या खोलीतल्या प्रत्येक डच म्हाताऱ्याला ठाऊक होतं की त्या एप्रिलमध्ये या शहरात फूल द्यायला कुणी नव्हतं. ठाऊक असणारच, कारण नव्हते ते हेच लोक. ते कुठल्यातरी खेड्यातल्या गोठ्यात झोपत होते. आणि तरी दर वर्षी ते ही गोष्ट ऐकतात, दर वर्षी डोळे टिपतात आणि उभं राहून टाळ्या वाजवतात. का? तर पाहुण्याला खोटं पाडायचं नाही. देणारा खोटा, घेणारे खोटे आणि मधे कॅमेरा. याला म्हणे स्मरण म्हणतात.

टाळ्या संपल्या. सूपाच्या टेबलाशी वॉल्टरच्या समोर हेनी बसली होती, ताठ, पांढरे केस कानामागे. नीनानं पिशवी टेबलावर ठेवली, टॉवेल सोडला आणि मला दोघांच्या मधोमध उभं केलं. मग ती मुलीला मराठीत म्हणाली, “कॅमेरा बंद कर, मीनल. हे आपलं नाही.” मीनलनं आईकडे पाहिलं आणि बंद केला. तेवढं मी तिच्या खात्यावर जमा धरते.

नीना वॉल्टरच्या खुर्चीमागे गेली. नुसती उभी राहिली. त्याला अजूनही सुटता आलं असतं. हीच ती, तुमच्यासाठी आणली, असं म्हणून त्यानं मला भेटवस्तू केलं असतं तर अजून एकदा टाळ्या पडल्या असत्या. त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते खिशात गेले नाहीत.

“ही तुमची आहे,” तो हेनीला म्हणाला. “तुमच्या तळघरातून मी घेतली. चोरली. मला कुणी फूल दिलं नव्हतं. इथे कुणी नव्हतंच.”

हेनीनं मला आडवं केलं आणि तळ वाचला. मला वाटलं, आता रडारड होणार, मिठ्या होणार. तिनं पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग एकच शब्द उच्चारला.

“ग्रीत.”

पुढचं तिनं सावकाश, शब्द शोधत इंग्रजीत सांगितलं. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात लोक परत आले, तेव्हा घरांच्या त्या रांगेत सगळ्यांत आधी ग्रीत आली. व्हिसरबाई तीन आठवड्यांनी आल्या. घरात खुर्चीसुद्धा नव्हती. त्या थेट तळघरात उतरल्या, कोळशामागे पाहिलं, तर विटा बाहेर आणि आत काही नाही. जागा जगात एकाच बाईला माहीत होती. घरातले गाद्या-पलंग जर्मनांनी नेले त्याचं त्यांना इतकं वाटलं नाही. जर्मनांकडून दुसरं काय होणार? पण ग्रीत? त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. ग्रीतनं शपथा घेतल्या, कुणी ऐकल्या नाहीत. तिच्याशी कुणी बोलेना, दुकानात तिला मागे उभं करायचे. दोन घरांमधलं फाटक व्हिसरबाईंनी खिळे मारून बंद केलं. ग्रीत एकेचाळीस वर्षं त्याच घरात राहिली आणि तिथेच मेली. प्रेताला चार माणसं होती.

“मी दहा वर्षांची असताना तिच्या दारावर ‘चोर’ लिहिलं होतं,” हेनी म्हणाली. “खडूनं. आईनं मला त्या दिवशी केक दिला.”

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांच्या चुका टिपत आले. ही एक माझ्या टिपणात नव्हती. मला वाटत होतं, चोरी झाली ती माझी. मी लीड्समध्ये बटणं पोटात घेऊन स्वतःची कीव करत बसले होते आणि इथे माझ्या रिकाम्या जागेनं एका बाईचा जन्म खाल्ला होता. शनिवारी नेऊन रविवारी पुसून परत आणणारी बाई.

वॉल्टर काहीतरी म्हणायला गेला. हेनीनं हात वर केला. तिचा आवाज चढला नाही. “मला नको ही,” ती म्हणाली. “मला देऊन तुम्ही सुटाल, मी पण सुटेन. हिची जागा शेजारच्या घरात आहे. चला.”

त्याच दुपारी ती वरात निघाली. वॉल्टरची चाकाची खुर्ची नीना ढकलत होती, मी त्याच्या मांडीवर होते आणि पुढे हेनी आपला चाकांचा वॉकर घेऊन. मीनल मागे, कॅमेरा पिशवीत. ग्रीतच्या घरात आता तिची मुलगी एल्स राहते. ती असल्या कार्यक्रमांना कधीच येत नाही, कारण व्हिसर तिथे असतात. दार उघडलं तेव्हा तिनं आधी हेनीकडे पाहिलं. सहा फुटांवर राहूनही हेनी त्या दारात पंचाहत्तर वर्षांत उभी राहिली नव्हती. वॉल्टरनं सांगितलं. या वेळी त्याला तीन वाक्यं पुरली. हेनीनं खडूचंही सांगितलं.

एल्सनं सगळं ऐकून घेतलं. “आई शहाऐंशीत गेली,” ती म्हणाली. “आणि तुम्ही दर वर्षी येत होतात.”

दुसरं काही नाही. माफ केलं नाही, आत या म्हटलं नाही. वॉल्टरनं मान खाली घातली. छातीवरची मेडल्स वाजली, त्या क्षणी ती फार मूर्ख वाजली. एल्सनं मला उचललं आणि सवयीनं खण ओढला. साखर पायरीवर सांडली.

“हे काय?”

नीना पुढे झाली आणि तिनं सांगितलं की आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. उशीर फार झाला आहे ते मला माहीत आहे, पण म्हणून रिकामं कसं आणू?

एल्सनं त्या साखरेकडे पाहिलं. मग तिनं वाकून बोटानं चार दाणे उचलले, जिभेवर ठेवले, मला घेऊन आत गेली आणि दार लावलं. मीनल हळूच म्हणाली, “मम्मा, तिने थँक यू नाही म्हटला.” नीना म्हणाली, “कशाबद्दल म्हणायचं?”

आणि थोड्या वेळानं, ते सगळे अजून रस्त्यावर असतानाच, एल्सनं पुढच्या खिडकीतल्या कुंड्या बाजूला केल्या. या देशात लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, येणाराजाणारा आत बघतो. तिनं मला तिथे आडवं ठेवलं, तळ रस्त्याकडे करून. ‘व्हिसर, १७’. शेजारी एका पुठ्ठ्यावर तिनं डचमध्ये एक ओळ लिहिली, ‘ही माझ्या आईनं घेतली नव्हती.’ रस्त्यावरून हेनीनं ती मोठ्यानं वाचली, मग नीनाला इंग्रजीत सांगितली. एल्स सोडली तर गल्लीत ग्रीतला ओळखणारं आता हेनीखेरीज कुणी उरलेलं नाही. ती रोज सकाळी खिडकीसमोर थांबते, वाचते आणि जाते. एल्सनं अजून तिला आत बोलावलेलं नाही. पण दोन घरांमधल्या फाटकाचे खिळे मागच्या महिन्यात कुणीतरी काढले. कुणी काढले ते मला इथून दिसत नाही.

लीड्सची खबर नीनाच्या फोनवरून कळते. निघताना नीनानं आपला नंबर दाराच्या फटीतून आत सरकवला होता, आणि एल्स तिच्याशी बोलताना खिडकीशीच बसते. नोव्हेंबरमध्ये वॉल्टरला नेहमीच्या शाळेत बोलावलं होतं. त्यानं मुलांना सांगितलं, शहर रिकामं होतं, मला कुणी फूल दिलं नाही आणि मी एका बाईची कॉफीची चक्की चोरली. एका मुलीनं विचारलं, मग तुम्हाला शिक्षा झाली का? तो म्हणाला, नाही, दुसऱ्याच बाईला झाली. शाळेनं आभाराचं पत्र पाठवलं आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी सैनिक मिळतो का याची चौकशी सुरू केली. मीनलची फिल्म पूर्ण झाली नाही. वॉल्टरच्या शंभराव्या वाढदिवसाला नीना वरणभात पाठवणार आहे, आणि डबा रुबार्बसकट परत येईल याची मला खात्री आहे.

तर मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, माळ्यावर टाकू नका, अशी विनवणी मी करणार नाही. मी पुसलेली आहे आणि उन्हात आहे. तुमची स्मारकं, तुमचे बिगुल, तुमच्या टाळ्या तुमच्यापाशी ठेवा. फक्त घरी गेल्यावर एकदा कपाटातली भांडी उलटी करून बघा. एखाद्याच्या तळाला दुसऱ्याचं नाव निघालं, तर आजच शेजारी नेऊन द्या, आत चिमूटभर साखर घालून. उद्यावर टाकू नका. तुम्ही फुलांच्या गोष्टी सांगत बसाल, आणि तिकडे कुणीतरी खडू घेऊन एखाद्या ग्रीतच्या दाराशी पोचलेलं असेल.